वाचकांचे प्रश्न : टॉवरमधली माणसं नक्की करतात काय?

मागच्या अंकात मुंबई विमानतळाच्या गर्दीबद्दल लिहिताना एटीसीचा, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलचा, जाता जाता उल्लेख केला होता, तर त्यावर एवढे प्रश्न आले की बाकीचे सगळे विषय पुढच्या महिन्यावर ढकललेत. मी स्वतः याच खात्यात नोकरी केलीय, आता रिटायर झालोय, त्यामुळे कुठे आपल्या माणसांची बाजू जरा जास्त घेतल्यासारखी वाटली तर चालवून घ्या.

प्रश्न : विमानासमोर दोन्ही हातात लाल दांडे घेऊन इशारे करणारा जो माणूस असतो तोच एटीसी ना? नातू म्हणतो नाही, मी म्हणतो हो. पैज लागलीय.
— निवृत्त शिक्षक, सोलापूर

पैज हरलात गुरुजी. तो मार्शलर. विमान पार्किंगच्या जागेवर नीट आणून उभं करायचं एवढंच त्याचं काम, आणि एटीसीचा त्याच्याशी तसा संबंध नाही. पण तुमचं अगदीच चुकलंय असंही नाही, कारण अमेरिकेत १९२९ साली सेंट लुईसला आर्ची लीग नावाचा माणूस एका हातगाडीवर खुर्ची, छत्री आणि दोन झेंडे घेऊन रनवेच्या कडेला बसायचा, एक झेंडा दाखवला की जा आणि दुसरा दाखवला की थांब. तिकडचा पहिला एटीसीवाला त्यालाच मानतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं विचारलं असतंत तर पैज तुम्ही जिंकली असती.

आता आजचं सांगतो. समजा तुम्ही मुंबईहून नागपूरला निघालात. तुमच्या विमानाला वाटेत एकच एटीसीवाला भेटत नाही, सात-आठ तरी भेटतात. पहिला डिलिव्हरीवाला, तो पायलटला सांगतो की तुझा रूट हा, सुरुवातीला एवढ्याच उंचीपर्यंत जायचं, आणि तुझा चार आकडी कोड हा. हा कोड विमानातल्या ट्रान्सपाँडरमध्ये, म्हणजे रडारला उत्तर देणाऱ्या यंत्रात, घातला की रडारवर नुसता ठिपका न दिसता फ्लाइटचं नाव, उंची, वेग सगळं दिसतं. मग ग्राउंडवाला, तो विमान मागे ढकलायची आणि टॅक्सीवेने रनवेपर्यंत जायची परवानगी देतो. मग टॉवर, म्हणजे काचेच्या खोलीतला, रनवे त्याच्या ताब्यात, त्याच्या परवानगीशिवाय विमान सोडा, साधी जीपसुद्धा रनवेवर चढत नाही. विमान उडालं की मिनिटाभरात तो तुम्हाला अ‍ॅप्रोचच्या हवाली करतो, अ‍ॅप्रोचवाला वर चढवत, वळवत, उतरणाऱ्या विमानांच्या मधून बाहेर काढतो आणि एरिया कंट्रोलला, म्हणजे मधल्या वाटेतलं आकाश सांभाळणाऱ्याला, देतो. पुढे नागपूर जवळ आलं की हेच सगळं उलट्या क्रमाने.

आणि एक गंमत म्हणजे यातले अ‍ॅप्रोच आणि एरियावाले टॉवरमध्ये बसतच नाहीत. ते बसतात रडार स्क्रीनच्या हॉलमध्ये, अंधूक उजेडात, विमान प्रत्यक्ष न बघता. मुंबईचा तो ८४ मीटरचा उंच टॉवर सगळ्यांना माहितीये, फोटो त्याचेच येतात, पण खाली हॉलमध्ये बसलेली माणसं कोणाच्या फोटोत नसतात.

प्रश्न : विमानात सगळे बसले, दार लागलं आणि कॅप्टन म्हणाला की एटीसी क्लिअरन्स देत नाहीये. पाऊण तास तसेच बसून होतो, एसी पण धड नाही. तुम्ही लोक नक्की करत काय असता?
— एक वैतागलेला प्रवासी, ठाणे

चहा पीत नव्हतो एवढं नक्की. कॅप्टन खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, पण ते अर्धं वाक्य होतं. क्लिअरन्स का मिळत नाही हे तो सांगत नाही, आणि मग सगळ्या विमानाचा राग आमच्यावर.

मुंबईचंच घ्या. रनवे दोन आहेत पण ते कात्रीसारखे एकमेकांना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो. त्या एका रनवेवर तासाला चाळीसच्या वर विमानं चढतात-उतरतात, म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक, आणि दिवसाला हजाराच्या वर फ्लाइट्स या विमानतळाने केलेल्या आहेत. यात एखाद्या विमानाने उतरल्यावर रनवेवरून बाहेर पडायला वीस सेकंद जास्त घेतली की मागच्याला गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जायला सांगावं लागतं, आणि तो फिरून परत रांगेत येणार म्हणजे अजून एक जागा गेली. त्यात मोठ्या विमानाच्या मागे हवेत भोवरे तयार होतात, ते वेक टर्ब्युलन्स म्हणतात ना ते, म्हणून जंबोसारख्या हेवी विमानाच्या मागे आपल्या नेहमीच्या एअरबस-बोइंगला ५ नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर) अंतर ठेवायचं, त्याहून छोट्याला ६. पावसाळ्यात ढग आडवे आले की पायलट वळायला मागतात, सगळे एकाच बाजूला वळायला मागतात, आणि जिथून आठ विमानं आणायची तिथून पाचच येतात.

आता तुमचा पाऊण तास. बऱ्याचदा तो तुम्ही जिथून उडताय तिथल्यामुळे नसतोच, जिथे जाताय तिथल्यामुळे असतो. दिल्लीला धुकं आहे, तिथे तासाला ठरावीक विमानंच उतरू शकतात, तर मुंबईहून सगळ्यांना सोडून दिल्लीच्या डोक्यावर तेल जाळत गोल गोल फिरवायचं, का जमिनीवरच थांबवायचं? म्हणून प्रत्येकाला उडायची एक हिशेब केलेली वेळ देतात, आणि ती वेळ येईपर्यंत टॉवरवाल्याने मनात आणलं तरी तो तुम्हाला सोडू शकत नाही. आता त्या वेळेच्या आधीच दार लावून का घेतलं, हा प्रश्न मात्र तुम्ही एअरलाइनला विचारा, मला विचारू नका. (एसीचापण.)

प्रश्न : पुण्याला आणि गोव्याला पण तुमचेच लोक असतात का? आणि मुंबईचं विमानतळ आता प्रायव्हेट आहे म्हणजे एटीसी पण प्रायव्हेट का?
— पुणे

नाही. टर्मिनल, दुकानं, पार्किंग, रनवेची देखभाल हे विमानतळ कंपनीकडे, पण मुंबईचं एटीसी सरकारच्या एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाकडेच आहे. पुण्याला लोहगाव हे मुळात एअरफोर्सचं स्टेशन, त्यामुळे तुमच्या इंडिगोला उतरवणारा माणूस युनिफॉर्ममधला असतो. दाबोळीला नेव्ही. वाद घालायचा असेल तर लोहगावला घालू नका एवढंच सांगतो.

प्रश्न : दोन विमानांमध्ये किती अंतर ठेवतात? आणि आकाश एवढं मोठं आहे तर विमानं धडकतातच कशी?
— बारावी सायन्सचा विद्यार्थी, नाशिक

प्रश्न बरोबर विचारलास. आकाश मोठं आहे पण विमानं सगळ्या आकाशात विखरून उडत नाहीत ना, ठरलेल्या रस्त्यांनी उडतात आणि शेवटी सगळ्यांना त्याच दोन-तीन किलोमीटरच्या डांबरावर यायचं असतं. गर्दी तिथे होते.

अंतराचा नियम असा की उंचीत १,००० फूट तरी फरक पाहिजे, किंवा मग आडवं अंतर पाहिजे, दोन्हीपैकी एक कायम असलंच पाहिजे. आडवं म्हणजे रडारवर वाटेत साधारण ५ नॉटिकल मैल, विमानतळाजवळ ३. पूर्वी २९,००० फुटांच्या वर २,००० फूट ठेवायला लागायचे कारण तेवढ्या उंचीवर जुनी उंचीमापक यंत्रं तितकी अचूक नव्हती, आपल्याकडे २००३ साली तिथेही १,००० फूट झाले आणि एकदम वर जागा वाढली. शिवाय पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम आकड्यांच्या उंच्या आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, म्हणजे मुंबईहून नागपूरला जाताना ३३ किंवा ३५ हजार आणि येताना ३४ किंवा ३६ हजार. पुढच्या वेळी सीटसमोरच्या स्क्रीनवर उंची दिसली तर बघ.

समुद्रावर अजून वेगळी गोष्ट. मुंबईच्या ताब्यातलं आकाश अरबी समुद्रात पार मस्कत, मोगादिशू, सेशेल्सच्या हद्दींना जाऊन भिडतं आणि रडार काय तेवढं पोचत नाही, किनाऱ्यापासून अडीचशे-एक नॉटिकल मैलांवर संपतं. त्याच्या पुढे विमान आपली जागा सॅटेलाइटवरून आपोआप कळवतं, किंवा पायलट लांब पल्ल्याच्या, खरखरणाऱ्या एचएफ रेडिओवर सांगतो, किंवा सरळ मेसेज टाइप करून बोलणं होतं. आणि दिसत नाही म्हणून तिथे अंतर कितीतरी पट जास्त, ३० नाहीतर ५० नॉटिकल मैल.

मग धडकतात कशी? १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. तुझ्या आई-बाबांना विचार, त्यांना आठवत असेल. दिल्लीहून सौदीचं जंबो वर चढत होतं, त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं, समोरून कझाकस्तानचं इल्युशिन खाली येत होतं, त्याला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं. कंट्रोलरने दोघांना एक हजार फुटाचं अंतर दिलेलं होतं, समोर विमान आहे हेही कझाक विमानाला सांगितलं होतं, पण ते विमान १५,००० च्या खाली आलं आणि ३४९ माणसं गेली. तेव्हा दिल्लीच्या कंट्रोलरला रडारवर नुसते ठिपके दिसायचे, उंची दिसायचीच नाही, उंची दाखवणारं नवीन रडार अजून सुरू व्हायचं होतं, आणि येणारी-जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून न्यायला लागायची कारण बाकीचं आकाश एअरफोर्सचं. म्हणजे पायलट सांगेल ती उंची खरी मानायची, दुसरा इलाजच नाही. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंतर येण्या-जाण्याचे रस्ते वेगळे झाले आणि विमानात टक्कर टाळणारी यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली. आज तुला जे सुरक्षित वाटतं ना त्यातलं बरंचसं त्या संध्याकाळनंतर आलेलं आहे.

प्रश्न : एटीसी एक सांगतंय आणि पायलटला दुसरंच बरोबर वाटतंय, तर ऐकायचं कोणाचं? साहेब कोण?
— वकील, कोल्हापूर

वकीलसाहेब, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण आमच्या सगळ्या नोकरीचा सार यात आहे आणि बाहेर नेमका याचाच गोंधळ असतो. विमानाचा मालक हवेत असेपर्यंत कॅप्टनच. आम्ही दिलेली सूचना त्याने पाळायची असते, मनात आलं म्हणून मोडायची नसते, पण विमानाला धोका आहे असं वाटलं तर तो “अनेबल”, म्हणजे जमणार नाही, असं म्हणून नकार देऊ शकतो, आणि इमर्जन्सीत नियम बाजूला ठेवून जे लागेल ते करू शकतो, नंतर कारण द्यावं लागतं एवढंच. वादळात घुसायला आम्ही त्याला भाग पाडू शकत नाही. आमच्याकडे काय तर बाकीचं चित्र. त्याला फक्त त्याचं विमान माहिती, आम्हाला त्याच्या आसपासची पंधरा.

आणि एक ठिकाण असं आहे की जिथे आम्ही गप्प बसायचं असतं. दोन विमानं फारच जवळ आली की त्यांच्यातली टीकॅस नावाची यंत्रणा एकमेकांशी बोलते आणि एका पायलटला सांगते वर जा, दुसऱ्याला खाली जा. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर रशियाचं टुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग असंच समोरासमोर आलं. ते आकाश झुरिकच्या कंट्रोलकडे होतं. तिथे एकच कंट्रोलर दोन स्क्रीन सांभाळत होता, दुसरा विश्रांतीला गेलेला, धोक्याची सूचना देणारी सिस्टीम मेंटेनन्ससाठी अर्धी बंद, फोनची मुख्य लाइन पण बंद. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने टुपोलेव्हला सांगितलं खाली ये. यंत्र त्याच पायलटला म्हणत होतं वर जा. त्याने माणसाचं ऐकलं. बोइंगने यंत्राचं ऐकलं, आणि यंत्र त्याला खाली जायलाच सांगत होतं. ७१ जण गेले, त्यात बहुतेक शाळेतली मुलं.

तेव्हापासून जगभर नियम एकदम पक्का केला की टीकॅसने सांगितलं तर तेच ऐकायचं, एटीसी काहीही म्हणो, आणि पायलट “टीकॅस आरए” (म्हणजे यंत्राने वर किंवा खाली जायला सांगितलंय) म्हणाला की आम्ही त्याला एक शब्द सूचना द्यायची नाही. जबाबदारी कोणाची म्हणाल तर तुमच्या उपयोगाची गोष्ट सांगतो. त्या कंट्रोलरला २००४ मध्ये बायको-मुलं गमावलेल्या एका माणसाने त्याच्या घरी जाऊन ठार मारलं, आणि कोर्टाने २००७ मध्ये दोषी ठरवलं ते झुरिकचं कंट्रोल चालवणाऱ्या कंपनीच्या चार मॅनेजरना, रात्री एकट्या माणसावर एवढं सोपवायची सवय लावली म्हणून. माझ्या मते कोर्टाचं बरोबर होतं, पण उशिरा.

प्रश्न : पायलट मराठी, एटीसीवाला पण मराठी, तर मराठीत बोलतात का कधी?
— डोंबिवली

“नमस्कार” म्हणतात, सणाला शुभेच्छा देतात, पहाटे चारला रेडिओ शांत असेल तर. कामाचं सगळं इंग्लिशमध्येच, आणि तेही साधं इंग्लिश नाही, ठरवून दिलेले शब्द. नऊला नाइन नाही म्हणायचं, नाइनर म्हणायचं, तीनला ट्री, पाचला फाइफ, खरखरीत पण चुकीचं ऐकू येऊ नये म्हणून. त्याच फ्रिक्वेन्सीवर अजून दहा जण ऐकत असतात ना, जर्मन असतो, एमिरेट्सवाला असतो, त्या सगळ्यांना कळलं पाहिजे कोण कुठे चाललाय.

आणि बोलण्यापेक्षा ऐकणं महत्त्वाचं हे मी नव्या पोरांना ओरडून सांगायचो. आपण सूचना दिली की पायलट ती परत म्हणून दाखवतो, त्याला रीडबॅक म्हणतात, आणि ते कान देऊन ऐकायचं हे आमचं काम, त्याचं नाही. त्याने चुकीची उंची परत म्हटली आणि आपण दुसऱ्या विमानाच्या नादात “हां हां” केलं की चूक आपली झाली. १९७७ साली टेनेरीफला धुक्यात दोन जंबो रनवेवर धडकले, ५८३ माणसं, विमान अपघातातला आजवरचा सगळ्यात मोठा आकडा, तिथे पायलट म्हणाला की आम्ही टेकऑफला आहोत, टॉवर म्हणाला ओके आणि पुढे थांबायला सांगितलं, पण नेमकं तेवढ्यात दुसरं विमान बोलायला लागलं आणि पुढचं शिट्टीत बुडालं. त्यानंतर “टेकऑफ” हा शब्द फक्त खरोखर उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं. बाकी सगळीकडे “डिपार्चर” म्हणायचं. आमच्याकडे एका शब्दासाठी नवीन माणसाला जी बोलणी बसतात ती यामुळे.

प्रश्न : एटीसीवाल्यांना विमान प्रवास फुकट असतो का हो?
— लातूर

नाही हो. मी एशियाडनेच जायचो.

प्रश्न : काका, मी बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावाकडची आहे, इंग्लिश बोलायला अडखळते. मला एटीसी होता येईल का? क्लासवाले दोन लाख मागतात.
— सातारा जिल्हा

दोन लाख देऊ नकोस बाळा, पहिलं ते. तुझ्या वडिलांनाही हे वाचायला दे.

भरती एअरपोर्ट्स अथॉरिटी करते, पोस्टचं नाव ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह. फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही विषय घेऊन बी.एस्सी., किंवा इंजिनीअरिंग ज्यात एखाद्या सेमिस्टरला फिजिक्स-मॅथ्स आहे, एवढं लागतं, म्हणून तू मॅथ्स सोडलेलं नाहीस ना ते आधी बघ. वय ओपनला २७ पर्यंत, आरक्षणाप्रमाणे सूट. ऑनलाइन परीक्षा, त्यात फिजिक्स-मॅथ्स बारावी-बी.एस्सी.चं, बाकी इंग्लिश, रीझनिंग, जीके. मग व्हॉइस टेस्ट, मेडिकल, मानसिक चाचणी, आणि नशेच्या पदार्थांची तपासणी. चष्मा असला तरी नंबर मर्यादेत असेल तर चालतो, रंग मात्र नीट ओळखता आले पाहिजेत. जाहिरात दरवेळी अथॉरिटीच्या स्वतःच्या वेबसाइटवर येते, अटी थोड्या बदलतात, क्लासवाल्याच्या पीडीएफवर विश्वास ठेवू नकोस.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नकोस म्हणजे अगदीच घेऊ नकोस असं नाही. अॅक्सेंट कोणी बघत नाही, साताऱ्याचाच राहिला तरी चालेल. स्पष्ट बोलता आलं पाहिजे, न अडखळता, आणि अडलं तर साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, कारण इमर्जन्सीत ठरलेली वाक्यं संपतात आणि मग आपलं इंग्लिश लागतं. रोज अर्धा तास मोठ्याने वाच, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक, याला पैसे लागत नाहीत.

निवड झाली की ट्रेनिंग, प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाला. हो, गोंदियाला बिरसी विमानतळावर अथॉरिटीची संस्था आहे, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पण ट्रेनिंग संपलं म्हणजे लगेच माइक हातात मिळत नाही. पोस्टिंगच्या ठिकाणी जुन्या माणसाच्या शेजारी बसून शिकायचं, परीक्षा द्यायची, मग त्या एका ठिकाणचं एक रेटिंग, म्हणजे तिथे ते काम एकट्याने करायची परवानगी, मिळतं. टॉवरचं वेगळं, अ‍ॅप्रोचचं वेगळं, एरियाचं वेगळं. मुंबईचा पंधरा वर्षं मुरलेला माणूस नागपूरला बदलून गेला तरी परत शिकाऊ म्हणूनच बसतो. आणि बदली भारतात कुठेही होते, अगरतळ्यापासून पोर्ट ब्लेअरपर्यंत, हे आईला आत्ताच सांगून ठेव.

पगार चांगला आहे, मूळ पगाराची सुरुवात ४०,००० ला आणि वरचे भत्ते वेगळे. पण पगार बघून येऊ नकोस. एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून पाचवीकडे लक्ष देता येतं का, ते आधी स्वतःचं स्वतः तपासून बघ, ज्याला हे जमत नाही त्याला हा जॉब पहिल्या वर्षातच नकोसा होतो, मग तो कितीही हुशार असो.

प्रश्न : माझा मुलगा एटीसीत आहे. फोन करावा तर लागत नाही, मग तासाभराने स्वतःच करतो आणि लगेच ठेवतो. रात्रपाळीने पार वाळलाय. त्यांना विश्रांती देतात की नाही?
— एक आई, अहिल्यानगर

ताई, फोन लागत नाही कारण ड्युटीच्या जागी मोबाइल नेता येत नाही, रुसलाय वगैरे काही नाही. सलग दोन तासांपेक्षा जास्त वेळ स्क्रीनसमोर बसवायचं नाही, मग अर्धा तास तरी ब्रेक, असा नियम आहे, तुम्हाला जो फोन येतो तो त्या ब्रेकमधला. त्यातच त्याला चहा प्यायचा असतो, डोळे मिटायचे असतात. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, ड्युटीच्या तासांवर मर्यादा घातल्यात, कामाआधी दारूची अचानक तपासणी होते, मेडिकल ठरावीक काळाने असतं. कागदावर सगळं बरं आहे. माणसं कमी असतील तिथे रजेच्या नावाने बोंब असते हेही खरं, ते मी लपवणार नाही.

पण नुसत्या जागरणाने माणूस वाळत नाही, मनात राहिलेल्या गोष्टींनी वाळतो. जून २०२४ मध्ये मुंबईत एक विमान रनवेवरून उडत असतानाच दुसरं त्याच रनवेवर मागे उतरलं, व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला, कंट्रोलरला लगेच ड्युटीवरून उतरवलं. कोणाला काही झालं नाही. पण अशा प्रत्येक बातमीनंतर देशभरातल्या सगळ्या टॉवरमध्ये पोरं आपापले असे क्षण आठवत बसतात, जे बातमीत आले नाहीत ते. घरी आल्यावर त्याला “आज काय झालं” विचारू नका, जेवायला काय हवं ते विचारा, तो आपण होऊन बोलेल. आणि दिवसा झोपतो तेव्हा खोलीला जाड पडदा लावा, बेल बंद करा, शेजारणीला सांगून ठेवा.

प्रश्न : सगळं कॉम्प्युटरवर आहे म्हणता, तो बंद पडला तर?
— बँक कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

पडतो की. तुमच्या बँकेत पडतो तसा. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला पडला, आठशेच्या वर फ्लाइट्स लेट झाल्या. पण काय बंद पडलं ते नीट बघा. रडार नव्हतं बंद पडलं, रेडिओ नव्हता, तर फ्लाइट प्लॅनचे मेसेज इकडून तिकडे पोचवणारी सिस्टीम बंद पडली, त्यामुळे जी माहिती आपोआप स्क्रीनवर यायची ती कंट्रोलरना हाताने भरायला लागली. हाताने काम केलं की वेग कमी, आणि वेग कमी झाला की विमानं कमी सोडायची, कारण अंतर कमी करायचं नसतं. म्हणून उशीर झाला पण धोका झाला नाही, आणि सिस्टीम बंद पडल्यावर हेच व्हायला पाहिजे. टीव्हीवर मात्र “आकाशात हाहाकार” चालू होतं.

रेडिओच गेला तर? विमानाचा रेडिओ गेला तर पायलट ट्रान्सपाँडरवर ७६०० टाकतो, आम्हाला कळतं की हा ऐकू-बोलू शकत नाही. हायजॅकला ७५००, बाकी कुठल्याही इमर्जन्सीला ७७००. आणि टॉवरमध्ये अजूनही छताला टांगलेली एक दिव्याची बंदूक असते, हिरवा स्थिर दिवा दाखवला की उतर, लाल स्थिर दाखवला की दुसऱ्याला जागा दे आणि फिरत राहा. दुर्बीण पण असते. नुसती शोभेला नाही, बाहेर बघणं हा टॉवरवाल्याचा अर्धा जॉब आहे, चाकं बाहेर आलीत का, रनवेवर कुत्रं तर नाही ना, आणि विमान आपल्याकडेच येतंय ना. हसू नका, सांताक्रूझला उतरायचं सोडून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर मोठी विमानं उतरलेली आहेत, १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८. कॉमेट नंतर तिथून परत उडवून नेलं, डीसी-८ मात्र धावपट्टी संपल्यावर पुढे गेलं आणि तिथेच त्याचा कारभार आटोपला.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून काही मुलं रात्री विमानांवर हिरवा लेझर मारतात. सांगायला गेलं की म्हणतात एवढ्या लांब काय लागणार आहे. खरंच काही होतं का?
— सोसायटी सेक्रेटरी, कुर्ला

होतं. कुर्ला-घाटकोपरवरून जाणारं विमान उतरायच्या शेवटच्या मिनिट-दीड मिनिटात असतं, पायलटची नजर समोरच्या रनवेच्या दिव्यांवर, आणि लेझरचा किरण तिथपर्यंत पोचेतो बारीक राहत नाही, पसरतो, सगळी काच हिरवी उजळते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना नंतर काही सेकंद धड दिसत नाही, आणि त्या वेळी काही सेकंद म्हणजे फार झाले. पायलट लगेच टॉवरला कळवतो, टॉवर मागून येणाऱ्या प्रत्येक विमानाला सावध करतो आणि साधारण जागा पोलिसांना देतो, म्हणजे तुमच्या गच्चीमुळे एका माणसाचं लक्ष अख्ख्या रांगेवरून निघून तुमच्या बिल्डिंगकडे लागतं. मुंबई पोलिसांचा विमानतळाच्या परिसरात लेझर, पतंग, उंच जाणारे फुगे यांना मनाई करणारा आदेश वेळोवेळी निघतो, ड्रोनचं तर विचारायलाच नको. पोरांच्या आई-बापांना एकदा तोंडी सांगा, गच्चीची किल्ली वॉचमनकडे द्या, आणि परत झालं तर सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा करत बसू नका, सरळ ११२ लावा.